कामातील चौथी पायरी : डॉ. झाकिर हुसेन यांचा शिक्षणविचार आणि महाविद्यालयीन अध्यापन

प्रास्ताविक

'प्रकल्प', 'क्षेत्रभेट', 'अनुभवाधारित अध्ययन' हे शब्द महाविद्यालयीन अध्यापकांना आता नवे राहिलेले नाहीत. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थिकेंद्री अध्यापनपद्धतींची विचारणा होत आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातही इंटर्नशिप, समाजात जाऊन करावयाचे काम आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक देण्यात आले. म्हणजे व्याख्यानाच्या पलीकडचे अध्यापन हा आता काही मोजक्या उत्साही प्राध्यापकांचा प्रयोग राहिलेला नसून तो नियमाचा भाग झाला आहे.

मात्र नियम झाल्यामुळे एक प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकण्याऐवजी काही 'केले', एवढ्याने तो शिकला असे म्हणता येईल काय? कोणते काम शिकवते आणि कोणते काम केवळ वेळ घेते, हे कशावरून ठरवावे? भारतीय शिक्षणविचारात या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार डॉ. झाकिर हुसेन यांनी केला. त्यांचे नाव घेतले जाते ते बहुधा राष्ट्रपती म्हणून, किंवा वर्धा शिक्षण योजनेच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. त्यामुळे त्यांचा विचार प्राथमिक शाळेपुरता आहे असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात हा विचार महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने तपासला आहे. त्याचे बळ कोठे आहे, तो कोठे अपुरा पडतो आणि महाविद्यालयाने त्यातील कोणता भाग उचलून कोणता सोडला, हे पाहणे हा या चिकित्सेचा हेतू आहे.

१. कामाची कसोटी

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. अलीगढच्या महाविद्यालयात शिकत असताना असहकाराच्या चळवळीत ते ओढले गेले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या पहिल्या पिढीत सामील झाले. पुढे जर्मनीत जाऊन त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९२६ मध्ये परत येऊन त्यांनी जामियाची धुरा घेतली ती १९४८ पर्यंत. जर्मनीतील वास्तव्यात त्यांच्यावर ज्या शिक्षणतज्ज्ञांचा ठसा उमटला, त्यांत म्युनिचचे गेऑर्ग केर्शनश्टायनर (१८५४–१९३२) हे प्रमुख होत. केर्शनश्टायनर यांनी 'कार्यशाळा' या अर्थाची शाळेची नवी कल्पना मांडली. पुस्तकावर उभी असलेली शाळा बदलून कामावर उभी असलेली शाळा निर्माण करावी, असा त्यांचा आग्रह होता.

केर्शनश्टायनर यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलांना स्टार्लिंग पक्ष्यासाठी लाकडी घरटे तयार करायचे आहे. फळी किती लांबीची हवी, ती कशी कापली म्हणजे लाकूड वाया जाणार नाही, बाजू कशा जोडाव्यात, हे मुलांनी आधी विचार करून कागदावर मांडायचे. नंतर फळी कापायची आणि जोडायची. जोडताना सांधा जुळला नाही, तर चूक कोठे झाली ते मुलाला फळीच सांगते. गुरुजींनी लाल शाईने खूण करण्याची गरज राहत नाही. आणि चूक लपवताही येत नाही.

या उदाहरणातील मर्म झाकिर हुसेन यांनी नेमके पकडले. 'तालीमी खुत्बात' या नावाने संकलित झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत आणि बुनियादी तालीमविषयक विवेचनात शिक्षणदायी कामाची जी कल्पना दिसते, तिच्या चार पायऱ्या सांगता येतात. पहिली, काय करायचे आहे याची स्पष्ट कल्पना मनात असणे. दुसरी, ते साधण्याचे मार्ग आणि साधने यांचा विचार करणे. तिसरी, प्रत्यक्ष काम करणे. आणि चौथी, झालेले काम मूळ कल्पनेशी ताडून पाहणे व त्यातील उणीव स्वतः ओळखणे. पहिल्या दोन पायऱ्या नसतील तर काम यांत्रिक होते. चौथी नसेल तर काम पूर्ण होते, पण करणाऱ्याच्या मनात त्याची काही घडण होत नाही. याला त्यांनी आणखी एक अट जोडली होती. काम केवळ स्वतःच्या लाभासाठी असेल तर ते माणसाला कुशल करील, सुशिक्षित करणार नाही. त्यासाठी कामाचा संबंध स्वतःपलीकडच्या एखाद्या मूल्याशी असावा लागतो.

ही कसोटी हाताचे काम आणि बुद्धीचे काम असा भेद करीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. टकळीवर सूत काढणे तिच्यावर उतरेलच असे नाही आणि ग्रंथाचे भाषांतर उतरणार नाही असेही नाही. झाकिर हुसेन यांनी स्वतः प्लेटोच्या 'रिपब्लिक'चे 'रियासत' या नावाने उर्दू भाषांतर केले. भाषांतरकाराला मूळ वाक्य पदोपदी अडवते. शब्द चुकला तर पुढच्या पानावर अर्थ तुटतो आणि मागे यावे लागते. घरट्याच्या फळीप्रमाणे येथेही कामाचे साहित्यच कर्त्याला त्याची चूक दाखवते.

२. वर्धा योजना : कसोटी आणि वेळापत्रक

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन आदी मंडळी होती. ७ ते १४ वयोगटातील मुलांना मातृभाषेतून, एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफलेले सक्तीचे शिक्षण द्यावे, अशी योजना समितीने मांडली. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये ती स्वीकारली.

मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, या गांधीजींच्या अपेक्षेबाबत झाकिर हुसेन यांनी परिषदेतच धोक्याची सूचना दिली होती. स्वावलंबनावर अतिरेकी भर दिला तर शिक्षक मुकादम होतील आणि गरीब मुलांच्या श्रमाची पिळवणूक होईल, असा तिचा आशय होता. समितीच्या अहवालातही आर्थिक बाजूपायी शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याची शक्यता नमूद केलेली आहे. प्रत्यक्ष गांधीजींसमोर, त्यांच्याच योजनेच्या परिषदेत घेतलेली ही भूमिका झाकिर हुसेन यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची साक्ष देते.

तरीही योजनेची मांडणी त्यांच्या स्वतःच्या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. समितीने सुचवलेल्या वेळापत्रकात शाळेचे एकूण साडेपाच तास होते. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी, ४० मिनिटे मातृभाषेसाठी आणि ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांसाठी होती. पहिल्या महिन्यात टकळी हाताळताना मूल विचार करते, चुकते, सुधारते. हात बसल्यावर तेच सूत रोज तीन तास काढताना पहिली, दुसरी आणि चौथी पायरी गळून पडते आणि केवळ तिसरी उरते. कामाचा दर्जा ठरवणारी कसोटी हाती असताना समितीने कामाचे तास ठरवले. नंतरच्या शिक्षकांनी कसोटी बाजूला ठेवली आणि तास पाळले. सूतकताईच्या तासाबद्दल पुढे जो कंटाळा ऐकू येऊ लागला, त्याचे एक मूळ येथे आहे.

योजनेला मुस्लिम समाजातून झालेला विरोध हाही या चिकित्सेचा भाग आहे. १९३८ च्या पीरपूर अहवालात वर्धा योजनेवर टीका होती. धार्मिक शिक्षणाचा अभाव हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. त्याच काळात मध्य प्रांतात 'विद्यामंदिर' योजना पुढे आली आणि लोकांच्या मनात दोन्ही योजना एकमेकींत मिसळल्या. या वादाच्या धुरळ्यात योजनेमागचा शिक्षणविचार कोणी तपासला नाही. समर्थकांनी तिला राष्ट्रकार्य मानले, विरोधकांनी संकट मानले. कोणते काम शिकवते, हा मूळ प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला.

३. महाविद्यालयाच्या दारापर्यंत

वर्धा योजना शालेय शिक्षणापुरती होती. महाविद्यालयांबाबत गांधीजींनी १९३७ मध्ये 'हरिजन'मधून असा विचार मांडला होता की, उच्च शिक्षण राष्ट्राच्या गरजांशी जोडावे आणि ज्या उद्योगांना पदवीधर हवे आहेत त्यांनी त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलावा. कामाभोवती अध्ययन कसे बांधावे, हा अध्यापनपद्धतीचा प्रश्न मात्र महाविद्यालयाच्या संदर्भात तेव्हा विचारला गेला नाही.

तो विचारण्याची संधी १९४८ मध्ये आली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगात झाकिर हुसेन सदस्य होते. त्याच आयोगात अमेरिकेचे आर्थर मॉर्गन होते. ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष असताना त्यांनी १९२१ पासून विद्यार्थ्यांनी आळीपाळीने काही काळ वर्गात शिकावे आणि काही काळ नोकरी करावी, अशी रचना अमलात आणली होती. कामातून शिक्षणाचा भारतातील आणि अमेरिकेतील अनुभव असलेले दोन जाणकार एकाच आयोगात बसले होते. आयोगाने १९४९ मध्ये दिलेल्या अहवालात व्याख्यानांना ट्यूटोरियल, ग्रंथालयातील काम आणि लेखी स्वाध्याय यांची जोड द्यावी, ठरावीक पाठ्यपुस्तके नेमू नयेत, परीक्षापद्धती मुळापासून सुधारावी आणि प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभरातील कामासाठी राखून ठेवावेत, अशा शिफारशी आहेत. आज ज्याला अंतर्गत मूल्यमापन म्हणतात, त्याचा एक उगम या शिफारशीत आहे.

कामाभोवती बांधलेले उच्च शिक्षण मात्र अहवालात ग्रामीण विद्यापीठांच्या प्रकरणात गेले. विद्यापीठांच्या नेहमीच्या वर्गांसाठी ट्यूटोरियल आणि सुधारलेली परीक्षा, आणि खेड्यांसाठी काम, अशी वाटणी झाली. त्यानुसार १९५६ पासून ग्रामीण उच्च शिक्षणसंस्था निघाल्या. दिल्लीत जामियामध्ये, अमरावतीला आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात अशा संस्था होत्या. गारगोटीच्या प्रयोगामागे जे. पी. नाईक यांच्यासारखा द्रष्टा शिक्षणतज्ज्ञ होता. पण तेथील पदविकेला नोकरीच्या बाजारात पदवीचे मोल मिळाले नाही आणि कालांतराने अशा बहुतेक संस्था नेहमीच्या विद्यापीठीय साच्यात सामावल्या. कामातून शिक्षण ही सर्वांसाठी अध्यापनाची रीत न ठेवता एका वर्गासाठी वेगळी वाट केली, म्हणजे ती वाट दुय्यम ठरते, हा या इतिहासाचा धडा आहे.

४. 'कमवा व शिका'ची वेगळी परंपरा

मराठी भाषकांना काम आणि महाविद्यालय यांची सांगड म्हटली की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि श्रम करून शिकण्याची सोय महाविद्यालयीन विद्यार्थ्याला करून दिली. 'कमवा व शिका' योजनेने गरिबाच्या मुलाला कोणाच्या दयेवाचून पदवी मिळवता आली, आणि श्रम करणारा हात महाविद्यालयात ताठ मानेने आला. तिचे हे यश वादातीत आहे.

परंतु 'कमवा व शिका' आणि झाकिर हुसेन यांचा विचार एक नव्हे. पहिल्यात काम शिक्षणाचा खर्च भागवते, दुसऱ्यात काम हेच शिक्षणाचे माध्यम असते. सकाळी शेतात खणणारा विद्यार्थी दुपारी वर्गात बसतो तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या स्वाभिमानाशी असतो, विषयाशी असेलच असे नाही. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेबद्दलही हेच म्हणता येईल. सेवा, स्वावलंबन आणि अध्ययन हे तिन्ही हेतू मोलाचे आहेत. पण एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे मानले की हिशेबात गोंधळ होतो. शिबिरात रस्ता केला म्हणजे अनुभवाधारित अध्ययन झाले, अशी नोंद अनेक महाविद्यालयांच्या कागदपत्रांत आढळते ती या गोंधळातून.

५. आजचा प्रकल्प आणि हरवलेली पायरी

आजच्या प्रकल्पाचा सामान्य प्रवास सर्व अध्यापकांच्या परिचयाचा आहे. विषय अध्यापक देतात. प्रश्नावली मागील वर्षाच्या प्रतीवरून तयार होते. पन्नास प्रतिसाद मिळतात किंवा मिळवले जातात. त्यांचे तक्ते होतात, निष्कर्ष आधीपासून ठाऊक असलेलेच निघतात. मग टंकलेखन, बांधणी, प्रमाणपत्र, सही आणि गुण. आता लेखनाचा बराचसा भाग यंत्राकडूनही करून घेता येतो. त्यामुळे बांधलेल्या प्रतीवरून विद्यार्थ्याने काय केले हे ओळखणे आणखी अवघड झाले आहे.

या प्रकल्पात चार पायऱ्यांपैकी तिसरी आहे. पहिली आणि दुसरी अध्यापकाने किंवा मागील वर्षाच्या प्रतीने उरकली. आणि चौथी? ती परीक्षकाकडे गेली. विद्यार्थ्याचे काम बरोबर की चूक, हे त्याला गुणपत्रिकेवरून कळते. तोवर ते काम त्याच्या हातून सुटलेले असते आणि ते पुन्हा करण्याची सोय उरलेली नसते. व्याख्यान टाळून प्रकल्प आणला तरी निकालाचा अधिकार होता तेथेच राहिला. पाठांतर करणारा विद्यार्थी आणि असा प्रकल्प करणारा विद्यार्थी यांच्यात शैक्षणिकदृष्ट्या फारसा फरक नाही. दोघेही दुसऱ्याने आपल्याला पसंत करावे याची वाट पाहतात.

येथेच झाकिर हुसेन यांच्या मांडणीतील उणीवही दिसते. आत्मपरीक्षणाची चौथी पायरी त्यांनी मुख्यतः चारित्र्याचा गुण म्हणून पाहिली. चांगला शिक्षक आणि चांगली संस्था लाभली की तो गुण रुजेल, असा त्यांचा विश्वास होता. जामियात तो सार्थही होता. वीस वर्षे सेवेची आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा करणारे अध्यापक तेथे होते. संलग्न महाविद्यालयाची रचना तशी नाही. तेथे अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल हे सारे बाहेरून येते. अशा संस्थेत विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाचा निवाडा करण्याचा अधिकार नियमाने दिला नाही, तर तो केवळ सदिच्छेने मिळणार नाही. एक तृतीयांश गुण वर्षभरातील कामासाठी ठेवा, असे विद्यापीठ शिक्षण आयोगाने म्हटले. त्यातून अध्यापकाच्या हाती अधिक गुण आले. विद्यार्थ्याच्या हाती काय आले, हे मात्र स्पष्ट झाले नाही.

६. हा प्रश्न कोणाचा?

हा केवळ पद्धतिशास्त्राचा वाद नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार २० वर्षे व त्यावरील वयाच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. याच वयोगटातील सर्व लोकसंख्येत ते सुमारे ७ टक्के होते. म्हणजे समाजाच्या संस्थांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत पहिल्या पिढीचे पदवीधर मोठ्या संख्येने असणार, हे उघड आहे. अनेकांच्या घरी विणकाम, शिवणकाम, सुतारकाम, वाहनदुरुस्ती असे हाताचे व्यवसाय आहेत. ज्याच्या घरात पुस्तके आहेत तो पोकळ प्रकल्प करूनही घरी काही शिकतो. ज्याची सारी भिस्त महाविद्यालयावर आहे, त्याचे नुकसान भरून काढणारी दुसरी जागा नसते.

'कामातून शिक्षण' म्हटले की याच समाजातून एक रास्त शंका व्यक्त होते. कारागिराच्या मुलाला पुन्हा हातकामाकडे ढकलण्याचा हा प्रकार तर नव्हे? उच्चवर्गीयांच्या मुलांना ग्रंथ आणि यांच्या मुलांना कौशल्य, अशी वाटणी तर होत नाही ना? ग्रामीण संस्थांचा इतिहास पाहता ही शंका निराधार म्हणता येत नाही. कौशल्य अभ्यासक्रमांच्या नावाखाली पदवीच्या ऐवजी दुय्यम प्रमाणपत्र हाती ठेवले जात असेल, तर त्याला विरोधच केला पाहिजे.

परंतु चार पायऱ्यांची कसोटी या वाटणीच्या बाजूने उभी राहत नाही. तुकड्यामागे मजुरी घेऊन रोज तेच काज करणाऱ्या मुलाचे काम तिच्या दृष्टीने शिक्षण नव्हे, कारण त्यात योजनाही त्याची नाही आणि निवाडाही त्याचा नाही. हातकामाचे खोटे गौरवीकरण ती करीत नाही. त्याच वेळी, ताणा कोठे ढिला पडला हे मागावरून उठण्यापूर्वी ओळखणारा विणकर किंवा बाही बसली नाही म्हणून स्वतःहून शिवण उसवणारा शिंपी ज्या सवयीने काम करतो, ती सवय अभ्यासातही मोलाची आहे, हे ती मान्य करते. महाविद्यालयात आलेल्या कारागिराच्या मुलाने ही सवय घरी पाहिलेली असते. तिला वर्गात स्थान नाही असे दिसल्यावर तोही इतरांप्रमाणे गाइड पाठ करू लागतो. त्याला हातकाम परत देण्याची गरज नाही. घरी पाहिलेली ती सवय ग्रंथ, हिशेब आणि प्रयोगशाळा यांत वापरण्याची संधी द्यायला हवी.

७. अध्यापनातील उपयोजन

ही कसोटी स्वीकारली तर प्रकल्पाच्या विषयापेक्षा एक वेगळा प्रश्न आधी विचारावा लागतो : या कामात विद्यार्थ्याला त्याची चूक अध्यापकाच्या आधी कोण दाखवील? काही विषयांतून याची उत्तरे देता येतात.

भाषेच्या वर्गात बँकेचा अर्ज किंवा रुग्णालयातील संमतिपत्र इंग्रजीतून मराठीत, उर्दूत किंवा कन्नडात आणण्याचे काम देता येते. भाषांतर झाल्यावर ते इंग्रजी न जाणणाऱ्या घरातील मोठ्या माणसाला वाचून दाखवायचे आणि काय समजले ते त्याच्याच शब्दांत विचारायचे. ऐकणारा जेथे अडखळतो तेथे भाषांतर फसलेले असते. ज्या हैदराबादेत १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर विभाग उभा राहिला आणि उच्च शिक्षणाची पुस्तके उर्दूत आली, तेथील वर्गात तर हे काम एका जुन्या परंपरेशी नाते सांगेल.

वाणिज्य शाखेत काल्पनिक व्यापाऱ्याच्या नोंदींऐवजी ओळखीच्या लहान दुकानाची महिनाभराची रोजकीर्द ठेवता येते. संध्याकाळी रोजकीर्दीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळली नाही, तर कोणती नोंद राहिली हे शोधल्याशिवाय सुटका नसते. रसायनशास्त्रात प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि ब्युरेटची वाचने उलट दिशेने जुळवली जातात, हे सर्वांना माहीत आहे. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या पाण्याची कठीणता मोजावी आणि एकाच नमुन्याचे दोन गटांनी स्वतंत्र मापन करावे. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही गटांना आपली कृती पुन्हा तपासावी लागेल.

इतिहासाच्या वर्गात गावातील मशिदीवरील शिलालेख किंवा जुन्या कबरींवरील हिजरी सने उतरवून घेता येतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ३३ हिजरी वर्षे म्हणजे साधारण ३२ सौर वर्षे होतात. केवळ ठरावीक संख्या मिळवून इसवी सन काढणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर घराण्यातील सांगीव माहितीशी किंवा दप्तरातील नोंदीशी जुळत नाही. मग चूक गणितात आहे, वाचनात आहे की आठवणीत, हे त्याला शोधावे लागते. इतिहासलेखनातील साधनचिकित्सा म्हणजे काय, हे त्याला व्याख्येपूर्वी कळते.

या सर्व उदाहरणांत झाकिर हुसेन यांची दुसरी अटही पाळली जाते. संमतिपत्र समजलेला रुग्ण, हिशेब जुळलेला दुकानदार, पाण्याची माहिती मिळालेले मोहल्ल्यातील लोक, जतन झालेला शिलालेख, यांपैकी कोणाला तरी त्या कामाचा उपयोग होतो.

वर्गात ८० ते १०० विद्यार्थी, सत्राची घाई आणि अपुरा अध्यापकवर्ग असताना हे कसे साधावे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून सत्रात एका विषयात एकच काम द्यावे, पण ते दोन फेऱ्यांत व्हावे. पहिली फेरी गुणांशिवाय परत द्यावी. दुसऱ्या फेरीसोबत विद्यार्थ्याने एक पानभर टिपण जोडावे : काय चुकले होते, ते कशावरून कळले आणि काय बदलले. अंतर्गत गुणांपैकी निम्मे गुण या टिपणाला असावेत. तोंडी परीक्षेतही याच टिपणावर प्रश्न विचारावेत. गटाने काम केले तरी टिपण प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. बांधलेली प्रत विकत आणता येते. स्वतःची चूक कशी सापडली हे पाच मिनिटे समोरासमोर सांगणे उसने आणता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनाची चौकट जेथे महाविद्यालयाच्या हाती आहे, तेथे विद्यापीठाच्या नियमांत बदल न करताही एवढे करता येण्यासारखे आहे.

समारोप

डॉ. झाकिर हुसेन यांच्या शिक्षणविचाराने कामाला प्रतिष्ठा दिली, असे सर्वत्र म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. त्यांनी कामाला एक कसोटी लावली आणि तिच्यावर न उतरणारे काम शिक्षण नव्हे, असे सांगण्याचे धैर्य दाखवले. वर्धा योजनेच्या वेळापत्रकात ती कसोटी सैल झाली. विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या अहवालात कामाधारित शिक्षण ग्रामीण संस्थांकडे गेले आणि त्या संस्था मुख्य प्रवाहात विरून गेल्या. पुढे महाविद्यालयांनी काम पुन्हा स्वीकारले, पण त्याचा निवाडा परीक्षकाकडेच ठेवला. चौथ्या पायरीला संस्थेच्या नियमांत जागा कशी मिळेल, याचे उत्तर झाकिर हुसेन यांच्या लेखनात पुरेसे मिळत नाही. ते आजच्या अध्यापकांना शोधावे लागेल.

श्रेयांक आराखड्याने प्रकल्पाला आणि इंटर्नशिपला अधिकृत स्थान दिले असल्यामुळे हे उत्तर शोधण्याची वेळ आता आली आहे. पुढील सत्राचे प्रकल्पविषय ठरवताना विभागाच्या बैठकीत प्रत्येक विषयापुढे आणखी एक रकाना आखावा आणि त्यात विद्यार्थ्याला त्याची चूक कशावरून कळेल, ते लिहावे. ज्या विषयापुढे तो रकाना भरता येत नाही, तो विषय त्या वर्षी देऊ नये.